झाशीतला आमचा खापरांचा मेळा

आमचं घर झाशीत पाच पिढ्यांचं. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी. मी शाळेत एकतीस वर्षं गणित शिकवलं. इतिहासाशी माझा संबंध एवढाच, की किल्ला आमच्या गच्चीवरून दिसतो आणि पाहुणे आले की त्यांना तो दाखवून आणायचं काम माझ्याकडे असतं.

गेल्या काही महिन्यांत ओळखीच्या दोन-तीन मंडळांनी फोन करून विचारलं, "काकू, तुम्ही तो पुरातत्त्वाचा कार्यक्रम केलात, तो कसा केलात?" प्रत्येकाला पाऊण तास सांगण्यापेक्षा लिहून ठेवलेलं बरं. यात आमच्या चुकाच जास्त आहेत. त्या वाचून घ्या, म्हणजे तुम्हाला नव्या चुका करायला जागा राहील.

सुरुवात पुण्यात झाली. २०२३ च्या मे महिन्यात मी लेकीकडे गेले होते. ती आम्हाला डेक्कन कॉलेजचं संग्रहालय दाखवायला घेऊन गेली. तिथं इनामगावबद्दल ऐकलं. हे गाव शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी आहे. तिथं १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन झालं. तीन हजार वर्षांपूर्वीचं शेतकऱ्यांचं गाव. तिथली लहान मुलं गेली की दोन मोठ्या मडक्यांची तोंडं एकमेकांना लावून त्यात त्यांना ठेवत आणि घराच्याच जमिनीखाली पुरत. ते ऐकल्यावर मी दोन मिनिटं पुढे सरकले नाही. नात नऊ वर्षांची. तिनं विचारलं, "आजी, झाशीत खणल्यावर काय सापडलं?"

मी म्हटलं, "अगं, राणीचा किल्ला आहे ना."

"तो तर वरच आहे."

माझ्याकडे उत्तर नव्हतं.

सप्टेंबरात आमच्या मंडळाच्या गणपतीच्या बैठकीत मी विषय काढला. १९ नोव्हेंबर हा झाशीत राणीच्या जयंतीचा दिवस. त्याच दिवसापासून २५ नोव्हेंबरपर्यंत जागतिक वारसा सप्ताह असतो. आणि मधला २१ नोव्हेंबर म्हणजे राणीच्या यजमानांची, गंगाधररावांची पुण्यतिथी, ते १८५३ साली गेले. म्हटलं, आठवडा आयता आपल्यासाठीच आखल्यासारखा आहे. मुलांना हातानं काही करायला देऊ, मोठ्यांना व्याख्यान ठेवू. चिटणीस म्हणाले, "करा, पण वर्गणीत करा." मंडळींनी माना हलवल्या. अशा बैठकीत मान हलवणं म्हणजे काम तुमच्या गळ्यात पडणं, हे मला एवढ्या वर्षांनी तरी कळायला हवं होतं.

पहिली चूक तिथंच. आमच्या डोक्यात होतं की कार्यक्रम किल्ल्यात करायचा आणि तटाजवळ एखादा छोटा खड्डा खणून मुलांना दाखवायचा. आम्ही पुरातत्त्व खात्याकडे चौकशीला गेलो तेव्हा ऑक्टोबर संपत आला होता. तिथल्या गृहस्थांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग सांगितलं, की संरक्षित स्मारकात कार्यक्रम करायचा तर आधी परवानगी लागते, आणि आधी म्हणजे तीन आठवडे आधी नव्हे. खणण्याचं तर नावच काढू नका. १९५८ चा कायदा आहे, त्यात २०१० साली दुरुस्ती झाली. स्मारकापासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला आणि खोदकामाला मनाई, त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगीशिवाय नाही. हौसेनं खणणं हा तर गुन्हाच. आमच्या मंडळाचं अंगण जुन्या शहरात, किल्ल्यापासून फार लांब नाही. म्हणजे अंगणातसुद्धा कुदळ मारायची नाही.

मला तेव्हा राग आला होता. आता वाटतं, बरं झालं. चाळीस मुलं आणि चाळीस कुदळी घेऊन तटाशी उभं राहण्याची कल्पना आता केली तरी घाम फुटतो.

मग दोन गोष्टी ठरल्या. स्मारक बघायला साधे प्रेक्षक म्हणून जायचं, तिथं फलक, माइक, हार काही नाही. आणि हाताचं काम मंडळाच्या अंगणात, जमीन न उकरता.

१९ नोव्हेंबर २०२३, रविवार. सप्ताहाच्या पहिल्या दिवशी पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांना तिकीट लागत नाही, म्हणून सकाळीच आम्ही राणीमहालात गेलो. मुलं आणि मोठी मिळून सत्तावीस जण. हा महाल रघुनाथ हरी नेवाळकरांनी बांधलेला, अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. मधोमध चौक, भोवती पडव्या, वर रंगीत वेलबुट्टीचा दरबार हॉल. पडव्यांमधून नवव्या ते बाराव्या शतकातली शिल्पं मांडलेली आहेत. आसपासच्या पडक्या देवळांतून गोळा केलेली. मी इथं पन्नास वेळा आले असेन. पाहुण्यांना दरबार दाखवायचा, राणी इथं राहायची म्हणायचं आणि निघायचं. शिल्पांपुढून मी नेहमी चालत गेले. खरं सांगायचं तर ती राणीच्याच देवघरातली असतील असं माझ्या मनात कुठंतरी होतं. राणीच्या जन्माच्या वेळी या मूर्ती सहाशे-हजार वर्षांच्या जुन्या होत्या, हे प्राध्यापकांनी सांगितल्यावर आमच्यातल्या निम्म्या मोठ्यांचे चेहरे माझ्यासारखेच झाले.

प्राध्यापक म्हणजे आमच्या ओळखीचे निवृत्त गृहस्थ. त्यांनी चौकात पंधरा मिनिटं सांगितलं, बस्स. मग प्रत्येक मुलाला एकच शिल्प वाटून दिलं. दहा मिनिटं त्याच्यापुढे बसायचं, पेन्सिलीनं काढायचं, हात लावायचा नाही. नंतर त्याने आपलं शिल्प इतरांना दाखवायचं. एका मुलाच्या वाट्याला नाक तुटलेली मूर्ती आली होती. तो रुसला. दहा मिनिटांनी तोच येऊन सांगत होता, की हिच्या हातातल्या बांगड्या दोन्ही हातात सारख्या नाहीत. त्या दिवसातला तेवढाच भाग आमचा नीट झाला.

संध्याकाळी साडेपाचला व्याख्यान. तारीख आम्ही सप्टेंबरात ठरवली होती. १९ नोव्हेंबरला क्रिकेटच्या विश्वचषकाचा अंतिम सामना आहे आणि त्यात भारत असेल, हा विचार कुणाच्या डोक्यात आला नाही. त्यातून रस्त्यावर जयंतीच्या मिरवणुका, ढोल आणि डीजे. खुर्च्या शंभर मांडल्या होत्या. माणसं अकरा आली, त्यात चहावाला आणि माइकवाला धरले आहेत. आमचे हे पहिल्या रांगेत बसले होते, पण कानात काहीतरी होतं.

प्राध्यापक भला माणूस. त्यांनी अकरा जणांपुढे एक तास चाळीस मिनिटं व्याख्यान दिलं. मिरवणूक दारावरून गेली तेव्हा वीस मिनिटं काहीच ऐकू आलं नाही, ते बोलत राहिले. विषय होता झाशी परिसराचं पुरातत्त्व. दतिया जिल्ह्यातल्या गुजर्र्याचा शिलालेख त्यांनी सांगितला. अशोकाचे लेख देशभर आहेत, पण बहुतेकांत त्याच्या पदव्याच असतात. 'अशोक' हे नाव फार थोड्या लेखांत आहे. कर्नाटकात मस्कीला आहे आणि इकडे आमच्या शेजारी गुजर्र्याला. माझ्या माहेरचे लोक दतियाचे. मला हे साठाव्या वर्षी कळलं.

आणखी एक गोष्ट मला त्या दिवशी कळली. मी मोठ्यानं बोलते म्हणून सासूबाई मला 'नारोशंकराची घंटा' म्हणायच्या. तो नारोशंकर म्हणजे झाशीचा मराठी सुभेदार. १७४२ पासून पुढे तो इथं होता. ओडछ्याच्या वीरसिंगदेवांनी १६१३ साली बांधलेला किल्ला त्याने वाढवला, त्या भागाला शंकरगढ म्हणतात. नाशिकला गोदावरीकाठचं देऊळ त्याचंच आणि ती घंटाही त्याचीच. हे ऐकून मी मोठ्यानं हसले. व्याख्यानात तेवढाच एक आवाज श्रोत्यांकडून आला.

घरी गेलो तेव्हा भारत हरत आला होता.

पुढचा टप्पा २५ नोव्हेंबरचा, शनिवारचा. अंगणात विटा रचून सहा फूट लांब, चार फूट रुंद, दीड फूट उंच अशी पेटी केली होती. तळाशी पिवळी माती, त्यावर राखेचा थर, त्यावर विटांचा चुरा, वर वाळू. थरांमध्ये फुटकी मडकी, काचेच्या बांगड्यांचे तुकडे, खिळे, कोळसा आणि रुपयाची वीस नाणी पुरली. हाडंही ठेवायचा विचार होता, पण मंडळाच्या अंगणात बकऱ्याची हाडं म्हटल्यावर जे झालं ते इथं लिहीत नाही.

माझ्या पुतण्याने शिट्टी वाजवली आणि मुलं पेटीत उतरली. सगळी. हातांनी. दहा मिनिटांत राख, वाळू, पिवळी माती सगळं एक झालं. खिळा एकाच्या बोटाला लागला, त्याला धनुर्वाताचं इंजेक्शन द्यावं लागलं. नाणी सापडली ती खिशात गेली. विसातली तेरा परत आली. एक मुलगा नाणं सापडल्याबरोबर जो पळाला तो फाटकाबाहेरच. प्राध्यापक काठाशी उभे होते. ते म्हणाले, "ताई, यांना आपण आज खजिना शोधायला शिकवलं."

त्यांचं बरोबर होतं. नाणी ठेवायची कल्पना माझी होती. मुलांना उत्साह यावा म्हणून.

दुसऱ्या कोपऱ्यात ठसा घेण्याचं काम चाललं होतं. शिलालेखाचा ठसा कसा घेतात ते सांगते. दगड धुऊन घ्यायचा, ओला जाड कागद त्यावर बसवायचा आणि ब्रशने हलके ठोके देत राहायचं, म्हणजे कागद अक्षरांच्या खाचांत शिरतो. अर्धवट वाळला की कापडाच्या बोळ्याने वरून शाई थोपटायची. खाचेत शाई जात नाही, म्हणून काळ्यावर पांढरी अक्षरं उठतात, आणि शाई वरून लावलेली असल्यामुळे ती उलटी न येता सरळ वाचता येतात. खऱ्या शिलालेखावर हे परवानगीशिवाय करायचं नसतं. म्हणून आम्ही मंडळाच्या भिंतीतली देणगीदारांची संगमरवरी पाटी घेतली. आमचीच पाटी, कुणाला विचारायचं कारण नाही.

कागद पातळ होता आणि शाई फार. शाई पार झाली. संगमरवर शाई पितो. ज्यांच्या आजोबांचं नाव त्यावर होतं ते गृहस्थ नेमके तेव्हाच आले. मी माफी मागितली. लिंबू, सोडा, पेस्ट, सगळं करून झालं. आजोबांच्या आडनावातली शेवटची दोन अक्षरं अजून निळसर आहेत.

तिसरा कोपरा सगळ्यात त्रासाचा. 'घरातली जुनी वस्तू आणा' असं आम्ही जाहीर केलं होतं. पन्नासेक वस्तू आल्या. अडकित्ते, समया, पंचपात्रं, पोथ्या, करंड्यातली नाणी. कुणाची वस्तू कुठली याची नोंद कुणीच ठेवली नाही. दोन पंचपात्रांची अदलाबदल झाली आणि दोन घरांत महिनाभर बोलणं बंद होतं. एक अनोळखी गृहस्थ समयांचा भाव विचारत फिरत होता. शंभर वर्षांवरच्या अशा वस्तूंना १९७२ चा कायदा लागू होतो, त्यांचा धंदा करायला परवाना लागतो, हे त्याला प्राध्यापकांनी सांगितल्यावर तो दिसेनासा झाला.

माझ्या जाऊबाईंनी चांदीचा रुपया आणला. प्रदर्शनाला ठेवायचा म्हणून मीच त्यांना म्हटलं होतं, "जरा स्वच्छ करून आणा." त्यांनी राखेने घासला, मग दंतमंजनाने. आरशासारखा चमकत होता. प्राध्यापकांनी तो भिंगाखाली धरला आणि बराच वेळ गप्प राहिले. मराठ्यांच्या झाशीच्या टांकसाळीचा असावा, म्हणाले. झाशीचं टांकसाळीवरचं नाव बलवंतनगर, आणि त्या नाण्यांवर बादशहा शाहआलमचं नाव असायचं. पण अक्षरं आधीच झिजलेली, वरून आम्ही घासलेली. खात्रीनं सांगता येत नाही. जाऊबाई मला काही बोलल्या नाहीत. जुनं नाणं सापडलं तर ते धुऊसुद्धा नका. कापसात गुंडाळा आणि जाणकाराला दाखवा.

साडेचारच्या सुमाराला शहराबाहेरचा एक शेतकरी पिशवीतून लोखंडी गोळा घेऊन आला. नांगरताना सापडला होता, बरीच वर्षं दाराला टेकण म्हणून वापरत होते. मुलं भोवती जमली. मार्च १८५८ मध्ये ह्यू रोजने झाशीला वेढा घातला, ३ एप्रिलला इंग्रज शहरात शिरले. त्या वेळी विष्णुभट गोडसे शहरातच होते, त्यांचं 'माझा प्रवास' मराठी घरांत वाचलेलं असतं. त्यामुळे तोफेचा गोळा म्हटल्यावर म्हातारी माणसंसुद्धा उठून आली. पुतण्याने तो उचलून हलवून पाहिला.

प्राध्यापक म्हणाले, "खाली ठेव. हळू." मग त्यांनी आम्हाला दाखवलं. गोळ्याला एका बाजूला बोटाएवढं भोक होतं, गंजाने आणि मातीने बुजलेलं. भरीव गोळ्याला भोक नसतं. भोक असेल तर गोळा पोकळ, त्यात दारू भरायची आणि भोकात वात बसवायची. ती दारू अजून आत आहे की नाही हे बाहेरून कळत नाही. अंगण पाच मिनिटांत रिकामं झालं. पोलिसांना फोन केला. ते आले आणि वाळूच्या बादलीत ठेवून घेऊन गेले. तो शेतकरी फाटकाशी बसून होता. त्याची नातवंडं त्या गोळ्यावर बसून खेळायची, असं तो पुन्हा पुन्हा सांगत होता. मी त्याला पाणी दिलं. ग्लास धरताना माझाही हात कापत होता.

त्या रात्री मी आमच्या ह्यांना सांगितलं, पुन्हा हे करायचं नाही.

पण करावं लागलं. जानेवारीत फाटकाबाहेर पळालेल्या त्या मुलाची आई आली. त्याने रुपया तर परत पाठवला नाही, पण घरामागे वाळूत तो चमच्याने खणतो आणि सापडलेलं सगळं आगपेटीत ठेवतो, म्हणाली. पुन्हा कधी आहे, विचारत होती.

म्हणून २०२४ ला आम्ही पहिल्यापासून नीट बसलो. तारीख जयंतीची नाही, २४ नोव्हेंबरचा रविवार. सामन्यांचं वेळापत्रक पुतण्याने आधी पाहिलं. घरून वस्तू आणायच्या नाहीत. ज्यांना दाखवायच्या आहेत त्यांच्या घरी दोन कॉलेजची मुलं जातील, फोटो काढतील, मोजमाप लिहून घेतील, वस्तू जागच्या जागी राहील. व्याख्यान वीस मिनिटांचं, तेही शेवटी, हात मळल्यानंतर.

आणि खापरं.

प्राध्यापक म्हणाले होते, उत्खननात नाणी क्वचित सापडतात, खापरं पोत्यांनी सापडतात. पुरातत्त्वाचं निम्मं काम खापरांवर चालतं. मग मी आमच्या भागातल्या कुंभाराकडे गेले. दिवाळीच्या पणत्यांची घाई संपली होती. मी फुटकी मडकी मागितली तर तो हसायला लागला. "फूटे बासन को का करहौ, अम्मा?" मी सांगितलं. त्याने भट्टीमागचा ढीग दाखवला आणि पैसे घेतले नाहीत. मी दोन पोती भरली. मग सहज विचारलं, तूही ये. तो म्हणाला, मी येऊन काय बोलणार.

खापरांचं काम असं. मडक्याच्या काठाचा तुकडा घ्यायचा. पुठ्ठ्यावर एकात एक अशी अर्धवर्तुळं काढलेली असतात, एकेक सेंटिमीटर अंतराने. तुकडा पालथा धरून काठ त्या वर्तुळांवर सरकवत न्यायचा. ज्या वर्तुळाशी त्याची गोलाई जुळते, ती त्या भांड्याच्या तोंडाची त्रिज्या. दोन बोटांएवढ्या तुकड्यावरून अख्ख्या घागरीचं तोंड केवढं होतं ते कळतं. मी एकतीस वर्षं फळ्यावर त्रिज्या-व्यास शिकवले आणि मुलांनी जांभया दिल्या. त्या दिवशी नापासांच्या बाकावर बसणारी मुलं पुठ्ठ्यावर वाकून भांडत होती, अकरा की बारा. मला थोडा मत्सर वाटला. हे पुठ्ठे मला नोकरीत असताना कुणी दिले असते तर.

कुंभार आला. दाराशी उभा राहिला. मुलांनी मोजलेले तुकडे तो लांबून बघत होता. एकाने एका तुकड्यावर 'घागर' लिहिलं होतं, तर तो पुढे येऊन म्हणाला, ही घागर नाही, कुंडा आहे, काठ बघ कसा बाहेर वळलाय. मग तो बसलाच. चाकावर फक्त गळा आणि काठ निघतो, पोट नंतर आतून दगडी गोळा धरून बाहेरून लाकडी थापटण्याने ठोकून फुगवतात, हे त्याने दाखवलं. आतल्या बाजूला त्याचे खळगे राहतात. मुलांनी बोटं घालून पाहिले. एक तुकडा बाहेरून लाल आणि आतून काळा होता. कुणीतरी म्हणालं, जळलाय. तो म्हणाला, जळला नाही, भट्टीत पालथा होता, आत हवा गेली नाही, म्हणून काळा.

प्राध्यापक खाली बसून ऐकत होते. काळी-आणि-लाल भांडी म्हणून पुरातत्त्वात एक मोठा प्रकार आहे. ती कशी भाजत याचं एक स्पष्टीकरण हेच दिलं जातं. त्यांनी वही काढली आणि कुंभाराला आणखी दोन प्रश्न विचारले. नंतरचं त्यांचं वीस मिनिटांचं व्याख्यान त्यांनी दहा मिनिटांतच संपवलं आणि उरलेला वेळ कुंभाराला दिला. त्या दिवशी माणसं सत्तरच्या वर होती आणि मधून उठून कुणी गेलं नाही.

वाळूची पेटीही नीट चालली. नाणी नाहीत, खिळे नाहीत. दोरीने सहा चौकोन आखले. एका चौकोनाला चार मुलं: एक थापीने खरवडणार, एक ब्रशने झाडणार, एक चाळणार, एक लिहिणार. दर पंधरा मिनिटांनी कामं बदलायची. वस्तू दिसली की उचलायची नाही, आधी थर कुठला आणि कडेपासून अंतर किती ते लिहायचं. राखेचा थर लागला तेव्हा एक मुलगी ओरडली, "इथं चूल होती!" चूल नव्हतीच, मीच राख पसरली होती. पण तिला तसं वाटावं यासाठीच तर सगळं. लिहिणाऱ्याच्या कामाला मात्र कुणी तयार नसतं, ते आधी वाटून द्या.

ठशासाठी पाटी सोडली आणि घरचा टाकी लावलेला पाटा ठेवला. टाकीचे घाव कागदावर इतके सुंदर उठतात की काही बायका घरून आपापले पाटे आणतो म्हणाल्या. लहान मुलांना चालू नाण्यांवर कागद ठेवून खडूने घासायला दिलं, त्यात सांडायला काही नाही.

१ डिसेंबरला आम्ही जराई का मठ बघायला गेलो. बरुआसागरच्या अलीकडे, रस्त्यालगतच. प्रतिहार काळातलं, नवव्या शतकातलं देऊळ. मुख्य देवळाभोवती चार कोपऱ्यांत छोटी देवळं होती, त्यांचे आता अवशेष आहेत. दाराच्या चौकटीवर इतकी शिल्पं आहेत की मुलांनी मोजायला सुरुवात करून सोडून दिली. तिथं पाणी आणि बायकांसाठी सोय यांची चौकशी मी आधी केली नव्हती, ती करा. आणि एक कबुली: दारातल्या मूर्तीपुढे आल्यावर माझाच हात पर्समधल्या कुंकवाच्या करंड्याकडे गेला. राखणदाराने हटकलं. कुंकू आणि तेल दगडाच्या छिद्रांत बसतं आणि निघत नाही, हे मुलांना बसमध्ये मीच सांगत आले होते. नातीचं लक्ष होतं, ती सुट्टीला आली होती. ती काही बोलली नाही, नुसतं बघितलं. परतताना बरुआसागरच्या बाजारात बायकांनी आलं घेतलं, तिथलं आलं नावाजलेलं. बस पाऊण तास थांबली.

या वर्षी दिवाळीनंतर कुंभाराचा मुलगा सायकलवर एक पोतं टाकून गेला. वडिलांनी वर्षभर काठाचे तुकडे वेगळे काढून ठेवले होते, आणि विचारलंय की आणखी लागत असतील तर चार मडकी मुद्दाम फोडू का. मी म्हटलं, नको, एवढी पुरतील.